शुक्रवारचा ताजमहाल

“शुक्रवार कुणाला सांगताय?” भाऊसाहेब म्हणाले. “शुक्रवार तुमच्यासारख्यांना. आपण फोन टाकलाय.”

दिल्लीतलं डिसेंबरचं धुकं अजून उठलं नव्हतं. टेंपो ट्रॅव्हलर विश्रामगृहाच्या दारात घुरघुरत उभी होती. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, हे वाक्य मी आदल्या रात्रीपासून निरनिराळ्या नम्र चालींवर म्हणून पाहिलं होतं. आता माझ्याकडच्या चाली संपल्या होत्या.

फोन कुणाला टाकलाय हे विचारायचं नसतं. मोठ्या माणसाचा फोन कुणाला लागला ते कुणालाच कळत नाही. तो लागला यावर मात्र सगळ्यांची श्रद्धा असते.

भाऊसाहेब निंबोळकर तेव्हा राज्य चिंच-आवळा विकास महामंडळाचे अध्यक्ष होते. निवडणुकीत पडलेला माणूस उचलून ठेवायला सरकारकडे अशी महामंडळं असतात. आमच्या महामंडळाचं दिल्लीत एक संपर्क कार्यालय होतं आणि त्याचा संपर्क अधिकारी म्हणजे मी, हेर्लेकर. चिंचेचा दिल्लीशी काय संपर्क, हे मला तिथे इतकी वर्षं काढूनही उमगलं नव्हतं. संपर्क होता तो अध्यक्षांचा, संचालकांचा आणि त्यांच्या पाहुण्यारावळ्यांचा. त्यांना स्टेशनवरून आणायचं, एका दिवसात आग्रा, नाहीतर मथुरा-वृंदावन, नाहीतर कुरुक्षेत्र दाखवायचं आणि रात्री परत आणून पिठलं-भात खायला घालायचा. मथुरेत हे लोक पेढा तोंडात टाकून सातारच्या कंदी पेढ्याचं नाव काढायचे. कुरुक्षेत्रावर उभे राहून “एवढंच?” असं विचारायचे, जणू काही रथ मीच हलवून ठेवले होते. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं होतं. त्याचा उपयोग करून मी त्यांच्या चपला सांभाळायचो.

माझी बायको सांगलीत शिक्षिका होती. मुलगी अडीच वर्षांची. “बाबा कुठायत?” असं विचारलं की ती टेलिफोनकडे बोट दाखवायची. सांगलीच्या कार्यालयातली जागा त्या महिन्यात रिकामी झाली होती, आणि बदलीच्या आदेशावर सही करायची होती भाऊसाहेबांनी.

“कागद बॅगेत आहे बरं का,” भाऊसाहेबांचे पीए गवंडे गाडीत चढता चढता माझ्या कानाशी पुटपुटले. “साहेब खूश, की रात्रीच सही. आजचा दिवस नीट काढा.”

आजचा दिवस विशेष होता, कारण सोबत व्याही होते. अजून पुरते व्याही नव्हेत, होऊ घातलेले. भाऊसाहेबांच्या विक्रांतची सुपारी तासगावच्या शंकरराव थोरबोल्यांच्या हेमलताशी फुटली होती आणि साखरपुडा पुढच्या रविवारी होता. त्याआधी आपलं दिल्लीत काय वजन आहे ते मुलीकडच्यांना दाखवावं, म्हणून भाऊसाहेब त्या तिघांना, आई-बाप आणि मुलगी, स्वतःबरोबर घेऊन आले होते. तासगावात बोलताना ते म्हणून गेले होते, “शुक्रवारी बंद असतो म्हणता? बघा, शुक्रवारीच दाखवतो.” त्यांच्या पत्नी सर्दीचं निमित्त करून विश्रामगृहातच राहिल्या. बाई शहाण्या होत्या.

गाडीत पुढच्या सीटांवर मुलाकडचे, मागे मुलीकडचे. असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. शंकरराव द्राक्षाचे मोठे बागाईतदार होते. गावात त्यांच्या शब्दाला मान असणार. पण मुलीचा बाप म्हणून ते टेंपोच्या शेवटच्या सीटवर गुडघे जवळ घेऊन बसले होते आणि भाऊसाहेब मागे वळून काही बोलले की अर्धवट उठत होते. त्यांच्या पत्नीच्या मांडीवर एक मोठं फडकं बांधलेलं होतं. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. मुलाकडच्यांनी आधी खायचं आणि मग आपण, असा बेत होता.

“दोन घास घ्या की भाऊसाहेब,” शंकररावांनी पलवलच्या आसपास विचारलं.

“छे छे, आता नको. आपण हॉटेलात घेऊ. गवंडे, चांगलं हॉटेल बघा.”

फडकं पुन्हा बांधलं गेलं.

कोसीच्या ढाब्यावर चहाला उतरलो तेव्हा हेमलता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मुलगी फार्मसी शिकलेली, इस्लामपूरला नोकरी करत होती. गाडीत ती एक शब्दही बोलली नव्हती.

“काका, आज बंद असतं ना?”

“असतं.”

“मग आपण कशाला चाललोय?”

“भाऊसाहेबांनी फोन टाकलाय.”

“कुणाला?”

मी चहात फुंकर घातली. तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि हसली. थट्टेनं हसली असती तर मला चाललं असतं. ती कीव करून हसली.

“हेमे,” मागून शंकरराव आले. “अधिकाऱ्यांना काय तरी विचारत बसू नको. चल.”

“नुसता वार विचारत होते, आप्पा.”

विक्रांत तेवढा वेळ ढाब्याच्या खाटेवर बसून मोबाइलवर साप-साप खेळत होता. देखणा मुलगा होता. उंच, गोरा, आणि वडील हसले की हसणारा.

आग्र्यात पोचलो तर ताजमहाल बंद होता.

दारावर दोरी होती. दोरीमागे एक शिपाई होता आणि त्याच्या मागे भलामोठा लाल दरवाजा. भाऊसाहेब पांढऱ्या कडक कपड्यांत पुढे झाले. गवंड्यांनी त्यांचं कार्ड दोन्ही हातांनी शिपायापुढे धरलं. कार्डावर मराठीत चिंच आणि इंग्रजीत आवळा होता.

“ये चेयरमैन साहब हैं,” गवंडे म्हणाले.

“अच्छा,” शिपाई म्हणाला. “कल आइए.”

“कल नहीं. फोन हुआ है.”

“किसका?”

दिल्ली सोडल्यापासून सगळे जो प्रश्न टाळत होते, तो या माणसानं दाढी खाजवत विचारून टाकला. गवंड्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी मोबाइल काढून कानाला लावला आणि “हां… हां… बोला,” असं म्हणत दहा-बारा पावलं लांब गेले. माझ्या माहितीप्रमाणे त्या फोनचा आवाज फक्त त्यांनाच येत होता. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ कापडी पिशवी घेऊन सायकलवरून आले, ओळखपत्र दाखवून सरळ आत गेले.

“याला कसा सोडला?” भाऊसाहेब फोन कानाला तसाच ठेवून ओरडले.

“जुम्मे की नमाज़ है साहब. मोहल्ले के हैं.”

“साहेब,” गवंडे हळूच म्हणाले, “आपणपण सांगायचं का, नमाजाला…”

भाऊसाहेबांनी अशी काही नजर टाकली की गवंड्यांनी कार्ड खिशात घातलं.

मागे थोरबोले कुटुंब एका संगमरवरी चुऱ्याच्या ताजमहालाचा भाव ऐकत उभं होतं. शंकरराव मुद्दाम तिकडे तोंड करून उभे राहिले होते. होणाऱ्या व्याह्यांचा पाणउतारा आपण पाहिला, असं व्हायला नको म्हणून. खरा सज्जन माणूस. अशा सज्जनांच्या जिवावरच भाऊसाहेब मोठे होतात.

“हेर्लेकर,” भाऊसाहेब माझ्याजवळ येऊन दातांतून बोलले, “काहीतरी करा.”

“नदीपलीकडच्या बागेतून दिसतो, साहेब. मागची बाजू.”

“मागची? व्याह्यांना ताजमहाल मागून दाखवू? अक्कल आहे का?”

“मग दुसरी एक इमारत आहे. पलीकडच्याच काठावर. पांढरी. आज उघडी असते. लोकांना आवडते.” माझा हेतू एवढाच होता, की एवढ्या लांब फडकं घेऊन आलेल्या त्या माउलीनं काहीतरी पाहून जावं.

आमचा ड्रायव्हर बलबीर मान डोलावून म्हणाला, “हां जी, छोटा ताज. सब उसको छोटा ताजही बोलते हैं.”

भाऊसाहेब थबकले. राजकारणात माणूस कसा टिकतो ते मी त्या क्षणी समोर पाहिलं. पडलेला चेहरा हळूहळू वर आला, छाती भरली, आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “चला, काम झालं. फोन आला. आपल्याला तिकडून बोलावलंय.”

गाडी पुलावर चढली. उजव्या हाताला, नदीच्या वळणापलीकडे, धुरकट हवेत तो घुमट दिसला. लांबून, पण कुणाचीही चूक होऊ नये असा. टेंपोतली सगळी माणसं एकदम डावीकडे पाहायला लागली. डावीकडे म्हशी होत्या. गवंडे उठले आणि त्यांनी उजवीकडचे पडदे ओढून घेतले.

“ऊन लागतंय,” ते म्हणाले.

नदीपलीकडची इमारत फार सुंदर आहे. नूरजहाँच्या काळातली, दागिन्याच्या डबीसारखी, चार कोपऱ्यांना चार बुटके मनोरे आणि सगळीकडे रंगीत दगडांची वेलबुट्टी. मी आजवर नेलेल्या कुणीही तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं. त्यांना ती ताजमहाल नाही एवढंच दिसायचं. आज पहिल्यांदाच तिच्यावर उलटा अन्याय होणार होता.

“तर हा बघा ताजमहाल,” भाऊसाहेब पायऱ्यांपाशी चपला काढून म्हणाले. चपला मी उचलल्या. “तो तिकडचा जो आहे, तो पब्लिकसाठी. गर्दी, धक्काबुक्की. हा प्रोटोकॉलमधला. मोठी माणसं आली की हाच दाखवतात.”

“असं होय,” शंकरराव म्हणाले.

“आधी हाच बांधलेला. मग लोकं फार यायला लागली, तेव्हा तो मोठा बांधला.”

“साहेबांना सगळं ठाऊक असतं,” गवंडे म्हणाले.

हेमलताच्या आईनं पदर सावरून वर पाहिलं, खाली पाहिलं, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा वर पाहिलं. “छान आहे,” त्या म्हणाल्या. “पर बारका वाटतोय, न्हाई? शाळेत असताना औरंगाबादचा बघितला हुता, त्यो बी ह्याच्यापरास मोठा हुता.”

“लहानपणी सगळं मोठंच दिसतं वहिनी,” भाऊसाहेब म्हणाले. “माणसंसुद्धा.”

ते खरं होतं.

एक फोटोग्राफर गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुने घेऊन आलाच. भाऊसाहेबांनी रचना केली. मध्ये स्वतः, उजवीकडे विक्रांत, डावीकडे शंकरराव, त्यांच्या पुढ्यात बायका. मला चौकटीतून हटायला सांगायचं कुणाला सुचलं नाही. फोटो निघाला.

“घंटे भर में दे दूँगा, सुनहरे फ्रेम में,” फोटोग्राफर म्हणाला. “नीचे क्या लिखूँ?”

“लिखो,” भाऊसाहेब म्हणाले, “ताजमहाल, आग्रा.”

“जी,” तो म्हणाला. त्यानं भुवईही उचलली नाही. आमच्यासारखे बरेच पाहिले असणार.

“हा ताजमहाल नाही,” हेमलता म्हणाली.

आवाज चढवून नव्हे. औषधाच्या दुकानात चुकीची बाटली परत सरकवतात तशी.

“हेमे!” शंकरराव म्हणाले.

“असू द्या, असू द्या.” भाऊसाहेब हसले, म्हणून विक्रांत हसला. “पोरगी शिकलेली आहे. पुस्तकातला फोटो बघून बोलतेय.”

ती त्यांच्याकडे वळलीच नाही. विक्रांतकडे वळली. “तुम्ही सांगा. हा ताजमहाल आहे?”

विक्रांतनं मोबाइलचं झाकण उघडलं, मिटलं. “पप्पा म्हणतायत ना.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“अगं, इथं सगळ्यांसमोर कशाला… आपण लग्न झालं की येऊ ना दोघं. शनिवारी येऊ.”

“म्हणजे हा नाही.”

“मी कुठं म्हटलं नाही म्हणून?”

मला त्या मुलाचं कौतुक वाटलं. एका वाक्यात दोन्ही दारं उघडी ठेवून मधल्या भिंतीला टेकून उभं राहणं सोपं नाही. तो पुढे आमदार झाला, यात आश्चर्य नाही.

भाऊसाहेबांचं हसू आटत चाललं होतं. “एक काम करू,” ते म्हणाले. “हे हेर्लेकर दिल्लीतलेच. रोजचं काम आहे त्यांचं. हां, सांगा हेर्लेकर. हा कोण?”

त्यांच्या मागे उभ्या गवंड्यांनी बगलेतल्या बॅगेवर दोन बोटं टकटक वाजवली.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या डाव्या हातात भाऊसाहेबांच्या कोल्हापुरी चपला होत्या आणि उजव्या हातात विक्रांतचे बूट. शंकरराव पुढे आले आणि त्यांनी चपलांसकट माझा हात धरला.

“साहेब,” ते हळू बोलले, “हाच हाय म्हणून सांगा. सांगून टाका. रविवारी साखरपुडा हाय. गावाला आवतन गेलंय.”

मला टेलिफोनकडे दाखवलेलं बोट दिसत होतं. तोंडात वाक्यही तयार होतं. तसं पाहिलं तर दोन्हीही ताजच म्हणायचे, असं काहीसं. सरकारी नोकरीत अशी वाक्यं आपोआप तयार होतात. ते मी बोलणारच होतो. पण त्या बाईंच्या काखेत ते फडकं दिसलं, सकाळपासून गाठ न सोडलेलं, आणि मला या सगळ्याचा एकाएकी भयंकर कंटाळा आला. लोक याला धैर्य वगैरे म्हणतील म्हणून सांगतो, कंटाळाच होता.

“साहेब,” मी म्हणालो, “ही इतमाद-उद-दौलाची कबर. नूरजहाँचे वडील ते. मुलीनं बापासाठी बांधली.”

गवंड्यांनी बॅगेवरची बोटं काढून घेतली.

“ताजमहाल नदीच्या त्या अंगाला,” मी म्हणालो. “गवंड्यांनी पडदा ओढला त्या बाजूला. आज शुक्रवार आहे, बंद आहे.”

शंकररावांनी माझा हात सोडला. ते त्या इमारतीकडे वळले आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहू लागले. वेलीवरचं द्राक्ष पारखतात तसे अगदी जवळ जाऊन. भिंतीतल्या एका दगडी फुलावर त्यांनी अंगठा फिरवला.

“मुलीनं?” त्यांनी विचारलं.

“मुलीनं.”

“चपला द्या,” भाऊसाहेब मला म्हणाले.

परतीच्या गाडीत बसण्याची व्यवस्था तीच होती, फक्त मधली एक सीट रिकामी सोडलेली. गवंडे फोटो घेऊन आले होते. ठरलेलं काम ते टाकत नाहीत. मथुरा गेल्यावर भाऊसाहेबांनी त्यांच्या कानात काही सांगितलं. गवंडे उठून मागे गेले.

“साहेब म्हणतात, साखरपुडा जरा पुढं ढकलावा. दिवस बरे नाहीत.”

“पुढं कशाला?” शंकरराव म्हणाले. “ऱ्हाऊच द्या.”

गवंड्यांना असं उत्तर आणायची सवय नव्हती. ते तसेच थोडा वेळ दांडीला धरून उभे राहिले. त्यांच्या मागून विक्रांतनं एकदा वळून हेमलताकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग पुन्हा साप-साप सुरू केलं.

कोसीच्या त्याच ढाब्यावर थांबलो. भाऊसाहेब आत खुर्चीवर जाऊन बसले. शंकरराव बाहेर खाटेवर बसले, बायकोकडून फडकं घेतलं आणि गाठ सोडली. पहिली दशमी त्यांनी हेमलताला दिली. दुसरी बलबीरला. मग मला हाक मारली.

“घ्या साहेब. वाईच कडक झालीया.”

कडक झाली होती. चटणी मात्र फक्कड होती. हेमलता मान खाली घालून खात होती आणि मधूनच तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी जरा वाकून पाहिलं. ती हसत होती. तिच्या शेजारी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. “पब्लिकसाठी मोठा बांधला म्हणं,” माउली कशीबशी म्हणाली.

“दिल्लीत तुमची सोय नीट हाय ना, साहेब?” शंकररावांनी विचारलं.

“आहे.”

“लागंल तुम्हाला. अजून बरीच वर्सं.”

आणि त्यांनी माझ्या हातावर आणखी एक दशमी ठेवली.

लागली. सरकार बदललं, चिंच-आवळ्यावर दुसरा पडलेला माणूस आला, तेव्हा कुठे मी सांगलीला पोचलो. तोवर माझी मुलगी शाळेत जायला लागली होती. दारात बॅग घेऊन उभ्या माणसाकडे तिनं पाहिलं आणि आत जाऊन आईला सांगितलं, “फोनवाले बाबा आलेत.” हेमलताचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

भाऊसाहेबांकडे मात्र गेल्या वर्षी जावं लागलं. त्यांच्या पत्नी वारल्या होत्या, आणि त्या बाईंबद्दल मला आदर होता. दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. सोनेरी चौकट, खाली सोनेरी अक्षरं, ताजमहाल, आग्रा. थोरबोले मंडळींना कापून टाकलं होतं. डाव्या कडेला बाईचं एक कोपर आणि फडक्याची गाठ तेवढी राहिली होती. उजव्या कोपऱ्यात, चपला धरलेला, मी होतो.

विक्रांतची बायको चहा घेऊन आली. मी फोटोकडे पाहतोय हे तिला दिसलं.

“तुम्हीच ना ते काका? पप्पा सांगतात नेहमी, शुक्रवारी उघडायला लावला होता म्हणून.” तिनं कप माझ्या हातात दिला. “मला अजून नेलं नाही कुणी. थोडा लहानच वाटतो, नाही?”

आतल्या खोलीत भाऊसाहेब खाकरले.

“लांबून काढलाय ना, म्हणून,” तिचं तिनंच उत्तर दिलं.

मी चहा घेतला. कप परत घेताना तिनं दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“काका, खरा केवढा आहे हो?”

“पुष्कळ मोठा आहे,” मी म्हणालो. “शुक्रवार सोडून कधीही जा.”